गावाचं आडनाव: जीवजातींच्या नावांत कोण बोलतं?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा वनस्पतिशास्त्राचा तास आहे. तसं नाही. आम्ही हा विषय समीक्षेचा म्हणून घेतला आहे. कवितेची एखादी ओळ समोर आली की आपण विचारतो: हे कोण बोलतंय, कुठे उभं राहून बोलतंय आणि कुणाला ऐकवतंय? हेच तीन प्रश्न आज आपण फक्त दोन शब्दांच्या एका रचनेला विचारणार आहोत. ती रचना म्हणजे जीवजातीचं शास्त्रीय नाव. त्यातही ज्या नावात एखादं गाव, नदी, डोंगर किंवा देश आहे, तेवढीच नावं आज घेऊ.

थोडी पूर्वतयारी. शास्त्रीय नावात पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका. मँजिफेरा हा वंश, आणि त्या वंशातली नेमकी जात कोणती हे सांगणारा शब्द इंडिका. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसने रुजवली. वनस्पतींच्या नावांचा आरंभ १७५३ साली आणि प्राण्यांच्या नावांचा १७५८ साली धरतात. आता दुसऱ्या शब्दात काय घालायचं? पानाचा आकार चालतो, फुलाचा रंग चालतो, माणसाचं नाव चालतं, तसं ठिकाणही चालतं. ठिकाण घालायचं तर लॅटिनमधला सगळ्यात सोयीचा प्रत्यय आहे 'एन्सिस'.

मराठी माणसाला हा प्रत्यय फार समजावून सांगावा लागू नये. 'एन्सिस' म्हणजे आपला 'कर'. साताऱ्याकडच्या पठारांवर, पावसाळी डबक्यांत वायतुरा उगवतो. त्याच्या तुऱ्याला इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दोन फाटे असतात, म्हणून वायतुरा. १९८२ साली त्याचं शास्त्रीय नामकरण झालं, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. म्हणजे सातारकर. युफोर्बिया या वंशात तर तीन भाऊ आहेत: खंडाळेन्सिस, पाचगणीएन्सिस आणि कात्रजेन्सिस. खंडाळकर, पाचगणीकर, कात्रजकर.

आता या 'कर'कडे जरा नीट बघा. साताऱ्यात राहणाऱ्याला शेजारीपाजारी सातारकर म्हणून हाक मारत नाहीत, तिथे सगळेच सातारकर. हा 'कर' कामाला येतो तो माणूस गाव सोडून निघाल्यावर, परक्या गावात, परक्याच्या वहीत नाव लिहिताना. झाडाचंही तसंच आहे. डबक्यातला वायतुरा सातारेन्सिस नसतो. त्याचा नमुना कागदावर वाळवून संग्रहालयाच्या कपाटात गेला, लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत त्याचं वर्णन छापून आलं, तेव्हा तो सातारेन्सिस झाला. म्हणजे ठिकाणावरून दिलेलं नाव हे मुळात बाहेरच्या वहीतलं नाव आहे. ते कुठे भेट झाली एवढंच नोंदवतं. रहिवासाचा दाखला म्हणून ते वाचता येत नाही.

यातूनच आमचं आजचं म्हणणं निघतं. नावातलं ठिकाण जेवढं मोठं आणि ढोबळ, तेवढा नाव देणारा दूर उभा होता. ते जेवढं लहान आणि नेमकं, तेवढा तो जवळ आलेला. हा काही लोखंडी नियम नव्हे, अपवाद भरपूर सापडतील. पण शास्त्रीय नावं वाचायला ही मोजपट्टी फार उपयोगी पडते.

सगळ्यात दूरच्या टोकापासून सुरुवात करू. लिनियस भारतात कधी आला नाही. त्याच्यापर्यंत पोचत होते ते वाळलेले नमुने, बिया आणि इतरांची पुस्तकं. उप्सालात बसून पाहिलं तर 'इंडिया' म्हणजे पूर्वेकडचा एक मोठा धूसर पट्टा. त्यामुळे १७५३च्या ग्रंथात चिंच टॅमॅरिंडस इंडिका झाली. गंमत अशी की चिंचेचं मूळ घर उष्ण आफ्रिकेत आहे. अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदचा खजूर म्हटलं, त्यातून युरोपीय भाषांतला 'टॅमॅरिंड' आला, आणि वर पुन्हा 'इंडिका' चढवलं. एकाच फळाच्या नावात हिंदुस्थान दोनदा आला, आफ्रिका एकदाही नाही. व्यापारी ज्या बंदरातून माल आणतो, त्या बंदराचं नाव मालाला चिकटतं, तसंच हे.

आपली गोकर्ण घ्या. मराठीत फुलाकडे पाहून नाव दिलं, गायीच्या कानासारखं ते गोकर्ण. लिनियसने तिला क्लायटोरिया टर्नेशिया म्हटलं, इंडोनेशियातल्या टर्नेट बेटावरून. मराठी नाव फुलाबद्दल बोलतं, लॅटिन नाव नमुन्याच्या प्रवासाबद्दल. दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत, फक्त उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. आणि हा दोष फक्त लॅटिनचा नाही हेही सांगून टाकू. कारळ्याला आपण खुरासणी म्हणतो. त्या नावात इराणकडचा खुरासान ऐकू येतो. त्याच कारळ्याचं शास्त्रीय नाव गुइझोशिया अबिसिनिका, अबिसिनिया म्हणजे इथिओपिया. आणि पीक खरोखरच तिथलं आहे. इथे लॅटिन नाव आपल्यापेक्षा बरोबर निघालं!

काही नावं तर सरळ चुकलेली आहेत. केसांच्या तेलात हल्ली जोजोबा असतो. ते झुडूप अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटातलं, आणि नाव सिमंड्सिया चायनेन्सिस. चीनशी त्याचा संबंध शून्य. क्रिकेटच्या चेंडूमुळे कुकाबुरा हा शब्द आपल्याला माहीत आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियातला पक्षी. त्याचं नाव डेसेलो नोव्हेगिनी, म्हणजे न्यू गिनीचा. न्यू गिनीत तो नाही. ही माहिती देणारा फ्रेंच प्रवासी सोनेरा न्यू गिनीला पोचलाच नव्हता.

मग अशी नावं दुरुस्त का करत नाहीत? कारण नियम तसा आहे. नाव अयोग्य किंवा दिशाभूल करणारं आहे एवढ्याच कारणावरून ते रद्द करता येत नाही. हे वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय संहितेतही आहे आणि प्राण्यांच्याही. वनस्पतींच्या संहितेने तर उदाहरणच दिलं आहे: सिला पेरुव्हियाना पेरूमध्ये उगवत नाही, म्हणून तिचं नाव टाकून देऊ नये. ती भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडची. नावाचा अर्थ बरोबर असण्यापेक्षा ते टिकून राहणं शास्त्राला महत्त्वाचं वाटतं. उद्या प्रत्येकाने आपापल्या समजुतीने नावं सुधारायला घेतली, तर दोनशे-अडीचशे वर्षांच्या नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. याला अलीकडे एक मोठा अपवाद झाला. २०२४ साली माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'काफ्रा' आणि त्याची रूपं बदलून 'आफ्रा' करायचं ठरलं. मूळ शब्द आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठी शिवीसारखा वापरला जात होता. आपल्या पांगाऱ्याचा एक आफ्रिकी भाऊबंदही या बदलात आला. एक अक्षर गळलं आणि शिवीच्या जागी खंडाचं नाव आलं.

पण नाव बदलता येत नसेल, तर ते पहिल्यांदा देतानाच जबाबदारी येते. आणि आपल्यासारख्या वाचणाऱ्यांवर दुसरी जबाबदारी येते, नाव नीट वाचण्याची.

आता थोडं जवळ येऊ. लिनियसच्याही आधी, १६७८ ते १६९३ या काळात, ॲम्स्टरडॅमला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. मलबारच्या वनस्पतींचा. त्यामागे केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांची साक्ष नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेली आहे. स्थानिक नावं तिथे काळजीपूर्वक नोंदवली होती. लिनियसने या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. पण पुढच्या काळात युरोपीय नावांत त्या माहितीतलं काय उरलं? कित्येकदा नुसतं 'इंडिका', नाहीतर 'मलबारिका'. काटेसावर जुन्या पुस्तकांत बॉम्बॅक्स मलबारिकम आहे. सावर काही फक्त मलबारची नाही. झाड ओळखणारी माणसं जवळ होती, नाव देणारी दूर होती. नावात दूरची माणसं बोलली.

एकोणिसाव्या शतकात नाव देणारे इथेच राहायला आले. निकोल डॅलझेल हे मुंबई इलाख्यात जंगल खात्याचे अधिकारी. गिब्सन यांच्याबरोबर त्यांनी १८६१ साली मुंबईची वनस्पतिसूची काढली. त्यांच्या नावांत 'कॉन्कॅनेन्सिस' दिसतं. इंडियापेक्षा कोकण लहान, म्हणजे प्रगती झाली. पण अजून ती कलेक्टर कचेरीच्या नकाशावरची जागा आहे, डोंगराची सोंड नाही.

आणि याच डॅलझेल यांच्या हातून आमच्या मते आजच्या विषयातलं सगळ्यात बोलकं नाव दिलं गेलं. १८६०च्या दशकात त्यांनी एका मांसल, कड्यांच्या कपारीत वाढणाऱ्या वनस्पतीला फ्रेरिया इंडिका म्हटलं. वंशाचं नाव मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून, जातीचं नाव सबंध देशावरून. ही वनस्पती मात्र सापडते फक्त महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर. समीक्षक म्हणून बघा: पहिल्या शब्दात सत्ता, दुसऱ्या शब्दात साम्राज्याचा नकाशा, आणि ज्या कड्यावर ती उगवते त्याचा पत्ताच नाही. मराठीत तिचं नाव आहे शिंदळ माकुडी. अलीकडे तिला शिवसुमनही म्हणतात, जुन्नरच्या शिवनेरीवरून. म्हणजे जे ठिकाण शास्त्रीय नावात यायला हवं होतं, ते दीडशे वर्षांनी लोकांच्या बोलण्यातून मागच्या दाराने आलं. पुढे वर्गीकरण बदललं, काही अभ्यासकांनी फ्रेरिया हा वंशच दुसऱ्यात मिसळून टाकला. पण शिवनेरी काही शास्त्रीय नावात येऊ शकत नाही. आपण नियम मघाशी पाहिला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात खंडाळा आणि पाचगणी ही नावं येतात. एथेलबर्ट ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले जेझुइट. मॅककॅन, हॉलबर्ग यांच्याबरोबर त्यांनी घाटातल्या वनस्पती गोळा केल्या. पुढे सान्तापाव यांनी तर खंडाळ्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, १९५३ साली. इथे ठिकाण गावापर्यंत उतरलं. पण कोणती गावं? जिथे रेल्वे जाते, जिथे उन्हाळ्यात राहायची सोय आहे, ती. खंडाळेन्सिस म्हणजे फक्त खंडाळ्यात उगवणारं असं नव्हे, अभ्यासक खंडाळ्याला उतरले होते असा त्याचा अर्थ. नकाशावर ही नावं मांडली तर झाडांच्या बरोबरीने रस्तेही दिसतात.

आणि आता अगदी जवळचं टोक. २००६ साली नाशिकजवळच्या अंजनेरीवरून एक कंदीलपुष्प वर्णन केलं गेलं, सेरोपेजिया अंजनेरिका. हे करणारे अभ्यासक मराठी मुलखातले, डोंगर पायी चढणारे. २०२० साली आंबोलीत, हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडातून एक छोटा मासा वर्णन केला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. इंडिकापासून एका कुंडापर्यंत, पावणेतीनशे वर्षांचा हा प्रवास आहे. नाव देणारा आता तिथेच, पाण्यात पाय सोडून बसला आहे.

हे चांगलंच झालं, असं म्हणून आम्ही इथे थांबू शकलो असतो. पण जवळ येण्याला किंमत असते.

पहिली किंमत अशी. नाव नेमकं झालं की पत्ताही उघडा पडतो. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही अभ्यासकांनी इशारा दिला होता की नव्या जातीचं वर्णनच तिच्या जिवावर उठू शकतं. त्यांच्या उदाहरणांत चीनमधली एक पाल होती. तिच्या वर्णनात ठिकाण छापून आलं आणि हौशी बाजाराने तिथल्या पाली उचलून नेल्या. म्हणून हल्ली अभ्यासक अनेकदा नेमकी जागा छापत नाहीत. पण नावातच कुंड असेल तर लपवणार काय?

दुसरी किंमत जास्त मोठी. ज्या नमुन्यावरून जातीचं वर्णन होतं, तो नमुना जिथे मिळाला त्या जागेला टाइप लोकॅलिटी म्हणतात. ही जागा नुसती आठवण म्हणून महत्त्वाची नसते. पुढे शंका आली, ही जात आणि ती जात एकच का, तर अभ्यासक त्या मूळ जागी परत जातात, ताजे नमुने घेतात, जनुकं तपासतात. ती जागाच उरली नाही, तर काही प्रश्नांची उत्तरं कायमची जातात. कात्रजेन्सिस या नावातला घाट आज शहराला येऊन भिडला आहे. नाव पुस्तकात तसंच राहील. त्याची उलटतपासणी करायला डोंगरउतार राहायला हवा.

कोयनेचं उदाहरण घ्या. १९६३ साली कोयनेच्या परिसरातून एका भेकाचं वर्णन झालं, बुफो कोयनायेन्सिस. त्याच काळात धरणाचं पाणी दरीत चढत होतं. २००९ साली त्याचा वंश बदलून झँथोफ्राइन केला, पण कोयना टिकली, कारण वंश बदलला तरी जातीचा शब्द सहसा बरोबर जातो. कोयना म्हटलं की आपल्याला वीज आठवते, १९६७चा भूकंप आठवतो. या एका नावात ती नदी, तिचं खोरं, तिथला ओला दगड आठवतो. धरणाच्या इतिहासात ज्याला जागा नाही, असा साक्षीदार त्या नावाने आपल्याला मिळाला.

तिसरी गोष्ट, नाव हा दावाही असू शकतो. २००७ साली गेजेनिओफिस म्हादेइएन्सिस हा गांडुळासारखा दिसणारा, बिळात राहणारा उभयचर वर्णन केला गेला. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांत वाद आहे. त्या वादात हा प्राणी बोलू शकत नाही. पण नदीचं नाव घेतलं की आता त्याचंही नाव घ्यावं लागतं. म्हादई म्हणजे निव्वळ इतके घनफूट पाणी, असं म्हणणं त्या नावामुळे थोडं अवघड होतं. आमच्या दृष्टीने चांगल्या स्थलनामाची हीच कसोटी: ते त्या जागेबद्दल बेफिकिरीने बोलणं अवघड करतं का?

या कसोटीवर हिरण्यकेशी उतरलं. २०२१ साली राज्य सरकारने आंबोलीतली ती सुमारे दोन हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. अंजनेरीवर रस्ता न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या हातात गिधाडांबरोबर या कंदीलपुष्पाचं नावही होतं. आता कल्पना करा, त्याच फुलाला 'इंडिका' म्हटलं असतं. एवढा मोठा देश आहे, एक डोंगर गेला तर काय झालं, असं म्हणायला वाव राहिला असता. 'अंजनेरिका' म्हटल्यावर तो वाव राहत नाही.

पण इथेच आमची तक्रारही आहे, आणि ती शास्त्रज्ञांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. नव्या जातीची बातमी येते, 'आपल्या तालुक्याचं नाव जगाच्या नकाशावर', असा मथळा लागतो, सत्कार होतो, फलक लागतो. त्या फलकामागे वाहनतळ होतो. नाव मिळालं म्हणजे जागा वाचली, असं आपण धरून चालतो. खरं तर शास्त्रीय नाव कुठल्याही जागेला कायद्याचं संरक्षण देत नाही. हिरण्यकेशीला ते मिळालं, कारण नावानंतर लोकांनी आणि सरकारने वेगळं पाऊल उचललं. नाव ही फक्त नोंद आहे. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून पीक येत नाही, नांगर धरावा लागतो.

दुसरी तक्रार स्थानिक नावांची. अंजनेरिका हा शब्द शिकलो म्हणून गुराख्यांचा शब्द विसरायचं कारण नाही. कंदीलपुष्पांचे कंद डोंगरातली पोरं उकरून खातात. त्यांच्याकडे त्या झाडाचा मोसम, चव, जागा हे सगळं आहे. लॅटिन नाव जगाशी बोलायला लागतं, मराठी नाव झाडाशी बोलायला. शाळेच्या बागेत, अभयारण्याच्या फलकावर दोन्ही नावं लिहावीत, आणि लॅटिन नावाचा अर्थही मराठीत द्यावा. 'सातारेन्सिस म्हणजे साताऱ्याचा' एवढी एक ओळ पुरते. मुलाला तेवढ्याने कळतं की हा परका मंत्र नाही, आपल्याच गावाचं आडनाव आहे.

तर पुढच्या वेळी कुठलंही शास्त्रीय नाव दिसलं तर त्याला तीनच गोष्टी विचारा. यातलं ठिकाण किती मोठं आहे? नाव देणारा कुठे उभा होता? आणि ते ठिकाण आज कसं आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मिळतील. तिसऱ्याचं उत्तर मात्र त्या जागी जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागेल. आणि तिथे गेलात तर फूल खुडू नका, मासा धरू नका. तो पत्ता अजून चालू आहे एवढं पाहून परत या.